खोक्यात काय नको?

युद्धाच्या बातम्या पाहिल्या की अनेकांना औषधं पाठवावीशी वाटतात. भावना चांगलीच आहे. पण १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात जगभरातून अशी औषधं येऊन पडली आणि पुढे हिशेब केला तेव्हा निम्म्याहून जास्त माल निरुपयोगी निघाला. सुमारे १७ हजार टन! मुदत संपलेल्या गोळ्या, अर्धी वापरलेली पाकिटं, तिथल्या डॉक्टरांना वाचताच येणार नाहीत अशी लेबलं. बरं, औषध उकिरड्यावर फेकून मोकळं होता येत नाही. जमिनीत मुरलेली रसायनं पाण्यात उतरतात, म्हणून त्यातली बरीचशी खूप तापलेल्या भट्टीत जाळावी लागतात. ज्या देशाची रुग्णालयं मोडून पडली होती, त्याच्याच गळ्यात हे कामही आलं.

लेबल ही किरकोळ बाब वाटते ना? लिथुआनियात देणगी म्हणून आलेलं एक औषध माहितीपत्रकाशिवाय पोचलं. डॉक्टरांनी नावाचा मेळ घालून ते गर्भाशयाच्या दाहावर दिलं. प्रत्यक्षात ते क्लोझँटेल होतं, जनावरांच्या जंतांवरचं. ११ बायकांची दृष्टी काही काळ गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९६ च्या नियमांत म्हणूनच स्पष्ट लिहिलंय की पाठवलेल्या औषधाची किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव छापलेलं हवं आणि ते तिथल्या डॉक्टरांना वाचता यायला हवं. मदत संस्था औषधांऐवजी पैसे मागतात तेव्हा काहींना संशय येतो. मला तरी त्यात शहाणपण दिसतं.

पैशांतून जे विकत घेतलं जातं, त्याचा एक नमुना म्हणजे आपत्कालीन आरोग्य संच. १० हजार माणसांना ३ महिने पुरेल अशा बेताने तो बांधलेला असतो. निर्वासितांच्या छावणीत माणसं बंदुकीच्या गोळ्यांनी मरतात त्याहून जास्त जुलाब, न्यूमोनिया, गोवर, मलेरियाने मरू शकतात, हे अनुभवाने कळलेलं आहे. त्यामुळे आत काय घालायचं हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. हजार-हजार माणसांसाठी वेगळे बांधलेले जे मूळ गठ्ठे असतात, त्यांत इंजेक्शन नसतं. सुई टोचायला शिकलेला हात लागतो आणि तो मिळेलच असं नाही.

सुईवाचून किती काम भागतं, हे १९७१ मध्ये बनगावला दिसलं. बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले होते आणि त्यांच्यात कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली. बाटल्या जड, आणाव्या कुठून आणि किती? त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं, पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली आणि ते मिश्रण पिंपातल्या पाण्यात विरघळवलं. नातेवाईक तोटीखाली पेला धरायचे आणि रुग्णाला पाजायचे. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

गंमत ग्लुकोजमध्ये आहे. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं. नुसतं मीठपाणी पाजलं तर ते शरीरात फारसं जिरतच नाही. पण त्याच पेशींवर आणखी एक दार असतं, सोडियम आणि ग्लुकोजला जोडीनेच आत घेणारं. एकटं कुणी आलं तर ते उघडत नाही. विषाचा या दाराला धक्का लागत नाही. जोडी आत गेली की पाणी मागोमाग येतं. पार गळून गेलेल्या रुग्णाला शिरेतूनच पाणी द्यावं लागतं, ते टळत नाही. पण बाकीच्यांना पाजून भागलं की सलाइन अशांसाठी उरते.

शस्त्रक्रियेतही कमीत कमी साधनांत भागवण्याचा हाच विचार चालतो. भुलीचं यंत्र, वायूंचे सिलिंडर, अखंड वीज यांचा भरवसा नसला की केटामाइन हे भुलीचं औषध कामी येतं. ते वेदना थांबवतं, पण बहुतेकदा रुग्णाचा श्वास स्वतःचा स्वतः चालू राहतो. रक्तदाबही सहसा कोसळत नाही, आणि रक्त गमावलेल्या माणसाला हेच हवं असतं. कुपी मुठीत मावते. रुग्ण कधी कधी डोळे उघडे ठेवूनच भुलीत असतो, आणि जागं होताना काहींना भयानक भास होतात. म्हणून तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसून राहतं.