मूकपटांतील श्वान-कलाकार

चित्रपटाच्या आरंभकाळात पडद्यावर कथेतील भूमिका करणारी, शिकवून तयार केलेली कुत्री. कुत्रा पडद्यावर आला तो चित्रपटाबरोबरच. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये आपल्या कारखान्यातून सुटणारे कामगार टिपले, त्यांत एक कुत्राही बागडताना दिसतो. पण तो सहज चौकटीत आलेला. कथेचा भार पेलणाऱ्या कुत्र्यांत पहिला मान ब्लेअरचा.

ब्लेअर हा इंग्लंडमधील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या घरचा कॉली जातीचा कुत्रा. त्याचे नाव झाले ते १९०५ च्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’मुळे; त्यात रोव्हर झाला तो ब्लेअरच. दिग्दर्शन लेविन फिट्झहॅमन यांचे असले, तरी मामला घरगुतीच होता : कथा हेपवर्थ यांच्या पत्नीची, आईवडील हे दोघे आणि पळवले जाणारे तान्हे मूल म्हणजे त्यांचीच मुलगी. खर्च ८ पौंडांच्या आत. प्रती मात्र इतक्या खपल्या की निगेटिव्ह झिजली आणि सबंध चित्रपट आणखी दोनदा नव्याने चित्रित करावा लागला.

दाई एका शिपायाशी बोलण्यात गुंतलेली असताना भिकारीण बाबागाडीतले मूल उचलते. रोव्हर खिडकीतून उडी घेतो, रस्त्याने धावत सुटतो, वळणावर वळतो, पाणी पोहून पार करतो, गरीब वस्तीतली दारे धुंडाळतो आणि माळ्यावर मुलाला गाठतो. मग त्याच वाटेने घरी आणि मालकाला घेऊन पुन्हा त्याच वाटेने. खरी कमाल इथे आहे. कॅमेरा प्रत्येक ठिकाणी पहिल्याच जागी उभा असतो. शोधाला निघालेला रोव्हर आपल्याकडे धावत येतो, घराकडे परतणारा पाठमोरा जातो. त्यामुळे तो कुठे पोहोचला हे सांगायला पडद्यावर मजकुराची पाटी लागत नाही. तुटक दृश्ये जोडून सलग प्रवास उभा करण्याची विद्या चित्रपट त्या वेळी नुकतीच शिकत होता, आणि ती इतक्या स्वच्छपणे दिसली ती या धावत्या कुत्र्याच्या पायांनी. साडेसहा मिनिटांच्या या चित्रपटाला संकलनाच्या इतिहासात स्थान आहे ते यामुळेच.

पुढे अमेरिकेत व्हिटाग्राफ कंपनीची जीन ही कॉली कुत्री गाजली. तिचे मालक लॅरी ट्रिंबल यांनीच नंतर जर्मनीत पोलिसी शिक्षण घेतलेल्या स्ट्राँगहार्ट या कुत्र्याला पडद्यावर आणले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ली डंकन या अमेरिकन सैनिकाला सापडलेले पिल्लू रिन टिन टिन नावाने वॉर्नर ब्रदर्सचा हुकमी तारा ठरले.

मूकपटात आवाज मुद्रित होत नसे. शिकवणारा कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून मोठ्याने हुकूम देई आणि प्रेक्षकाला दिसे ते कुत्र्याचे टवकारलेले कान, रोखलेली नजर. माणसेही मुकीच असल्याने कुत्रा त्यांच्या बरोबरीचा नट होता. बोलपट आला आणि ही बरोबरी संपली. वॉर्नरने रिन टिन टिनशी असलेला करार १९२९ च्या सुमारास संपवला. १९३२ मध्ये तो वारला. त्याची समाधी पॅरिसजवळ आनियेर येथील प्राण्यांच्या दफनभूमीत आहे.