बॅटरीला शंभर टक्के मानवत नाहीत

नवा फोन आणला की पहिल्या दिवशी तो बंद करून आठ तास चार्जिंगला लावायचा. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय परत लावायचा नाही. लावला की शंभर टक्के झाल्याशिवाय काढायचा नाही. ही शिकवण बहुतेक घरांत कुणा ना कुणा काकांनी दिलेली असते. काकांचं सांगणं खोटं नव्हतं, फक्त ते दुसऱ्या बॅटरीबद्दल होतं.

जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये आणि व्हिडिओ कॅमेऱ्यांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या अर्धवट वापरून पुन्हापुन्हा चार्ज केल्या की लवकर उतरू लागत. याला ‘मेमरी इफेक्ट’ म्हणत, आणि त्यावर उपाय म्हणून बॅटरी पूर्ण उतरवायची पद्धत पडली. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी शिसे आणि आम्लाची. तिला भरलेलं राहणंच मानवतं; बरेच दिवस अर्धवट राहिली तर शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि बॅटरी बसते. शिवाय लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला ‘लाइट आहे तोवर भरून घ्या’ हे शिकवावं लागत नाही.

फोन, लॅपटॉप, इअरबड, पॉवर बँक या सगळ्यांत असते ती लिथियम-आयन बॅटरी, आणि तिचा स्वभाव या दोघींपेक्षा निराळा आहे. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळवणारे आजवरचे सर्वांत वयस्क. दोन-तीन वर्षांत म्हातारी होणाऱ्या वस्तूच्या जनकाला हे शोभून दिसलं.

या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड. फोनमध्ये ते बहुतेकदा लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ऑक्साइडमधून निघून मधल्या द्रावणातून ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. सेल उतरलेला असतो तेव्हा व्होल्टेज ३ च्या आसपास असतं, भरला की ४.२ किंवा नव्या फोनमध्ये त्याहून थोडं वर जातं. स्टँडवर रिकामी एसटी लागली की पहिले तीस-चाळीस जण धडाधड चढून बसतात. शेवटच्या दहा जणांना ‘जरा सरकून घ्या’ करत वेळ लागतो. आयनांचंही तसंच, म्हणून चार्जर आधी जोरात करंट देतो आणि साधारण ८० टक्क्यांच्या पुढे तो कमी कमी करत नेतो. जाहिरातीत ‘वीस मिनिटांत अर्धी बॅटरी’ असं असतं. शेवटच्या वीस टक्क्यांना किती मिनिटं लागतात, हे त्याच जाहिरातीत शोधून बघा.

आत जागा मिळायच्या आधीच आयनांची फार गर्दी झाली, तर लिथियम ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं. बॅटरीचं हे कायमचं नुकसान, आणि थोडा धोकाही. कडक थंडीत आयन सुस्तावतात तेव्हा हे सहज घडतं. लेह-लडाखला गेलेल्या मंडळींनी शून्याखालच्या तंबूत गारठलेला फोन थेट पॉवर बँकेला लावू नये. आधी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून तो कोमट होऊ द्यावा.

आपल्याकडे मात्र प्रश्न उलटा आहे, उष्णतेचा. ग्राफाइटवर पहिल्याच चार्जिंगमध्ये एक पातळ थर धरतो. तो हवाच असतो, कारण त्याच्यामुळे आतलं द्रावण सुरक्षित राहतं. पण तो वर्षानुवर्षं वाढत राहतो आणि वाढताना थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. उष्णता जास्त आणि व्होल्टेज वरचं असेल तर ही वाढ वेगाने होते. बॅटरी न वापरता वर्षभर नुसती ठेवली तर काय होतं याचे ढोबळ आकडे बोलके आहेत: २५ अंशांवर ४० टक्के भरलेली असेल तर सुमारे ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरलेली असेल तर सुमारे ८०. हेच ४० अंशांवर अनुक्रमे ८५ आणि ६५. बॅटरीगणिक आकडे बदलतील, कल बदलत नाही.

आता मे महिन्यातलं नागपूर किंवा चंद्रपूर घ्या. बाहेर ४५ अंश. डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन हँडलला अडकवलेला, वर ऊन, स्क्रीन पूर्ण उजेडात, नकाशा चालू, आणि खिशातल्या पॉवर बँकेची वायर लावलेली. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी आजूबाजूचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगते. या पोराची बॅटरी वर्षभरात दमली तर त्यात कंपनीचा दोष शोधण्यात अर्थ नाही. कारमध्ये निदान फोन काचेजवळ न ठेवता एसीच्या झोतासमोर लावता येतो. वायरलेस चार्जरही फोन तापवतो, त्यातून तो नीट मध्यावर ठेवला नसेल तर जास्तच.

रात्रभर लावलेला फोन जास्त भरून फुटेल, ही भीती बिनबुडाची. भरला की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. नुकसान होतं ते तासन् तास शंभरावर बसून राहिल्याने, आणि फोन उशीखाली असेल तर कोंडलेल्या उष्णतेने. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आता बऱ्याच नव्या फोनमध्ये असते; ती सुरू करून टाका. सदान् कदा चार्जरला लावलेल्या लॅपटॉपला तर याची जास्तच गरज आहे. दिवसातून चारदा थोडं थोडं लावलं तरी काही बिघडत नाही. ५० टक्के दोनदा भरले तर ते चार्जिंगचं एकच चक्र धरलं जातं. मात्र वीस ते ऐंशीच्या मध्येच राहायचं म्हणून टक्के मोजत बसणारे लोक मला पटत नाहीत. प्रवासाला निघायचंय तर शंभर करा. फोन आपल्यासाठी आहे.

जुना फोन ड्रॉवरमध्ये टाकायचा असेल तर निम्मा भरून, बंद करून ठेवा आणि काही महिन्यांनी एकदा बघा. पार शून्यावर ठेवलेली बॅटरी हळूहळू आणखी उतरते, मग आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. असा फोन नंतर चार्जरला दादच देत नाही.

फुगलेली बॅटरी ही वेगळीच गोष्ट. द्रावण बिघडून आत वायू साठतो, स्क्रीन एका कडेने उचलली जाते, कव्हर नीट बसेनासं होतं. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. रिपेअरिंगच्या दुकानात नेऊन काढून घ्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती टाकली तर गाडीत चेपून पेट घेऊ शकते, म्हणून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराला तसं विचारायला संकोच नको.