'शिस्त लावत होतो': जपानमधला बालछळ

जपानमधल्या चिबा प्रांतातल्या नोदा शहरात २०१७ साली एका मुलीने शाळेच्या प्रश्नावलीत लिहिलं, की वडील मारतात. वडिलांनी दबाव आणल्यावर तिथल्या शिक्षण मंडळाने तिच्या उत्तराची प्रत त्यांच्याच हाती ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये, दहा वर्षांची असताना, ती घरातच मृत्युमुखी पडली. आपण 'शित्सुके', म्हणजे शिस्त, लावत होतो असं वडिलांचं म्हणणं होतं.

बालछळाला जपानीत 'जिदो ग्याकुताई' म्हणतात. २००० सालच्या कायद्याने त्याचे चार प्रकार ठरवले: मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड आणि मानसिक छळ. मुलादेखत आईला मारणं हाही मानसिक छळच, हे २००४ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. १९९० मध्ये बालसल्ला केंद्रांकडे, म्हणजे बालसंरक्षणाचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयांकडे, अशी १,१०१ प्रकरणं नोंदली गेली होती. २०२० मध्ये दोन लाखांहून जास्त. म्हणून जपानी आईबाप दोनशे पट क्रूर झाले असं मुळीच नाही. पूर्वी 'घरातली बाब' म्हणून सोडून दिलं जायचं, ते आता नोंदलं जातं. घरगुती भांडणात पोलीस गेले आणि तिथे मूल दिसलं, तर ते केंद्राला कळवतात. त्यामुळेच निम्म्याहून अधिक नोंदी मानसिक छळाच्या असतात.

मारहाण नुसती पाहण्याने मुलाचं काय होतं? फुकुई विद्यापीठातल्या बालमेंदूतज्ज्ञ आकेमी तोमोदा यांनी हार्वर्डच्या संशोधकांसोबत तरुणांच्या मेंदूंचे एमआरआय तपासले. लहानपणी कडक मार खाल्लेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला, भावना आणि विचार आवरणारा, काही हिस्सा सरासरीने लहान आढळला. आईवडिलांमधली मारहाण पाहिलेल्यांमध्ये दृष्टीशी संबंधित भागात फरक होता. अशा अभ्यासांतून कारण आणि परिणाम ठामपणे सिद्ध होत नाहीत, हे खरं. पण 'मुलं विसरून जातात' हे म्हणणं त्यानंतर मला तरी पटत नाही.

एप्रिल २०२० पासून जपानमध्ये पालकांनी मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी आली. डिसेंबर २०२२ मध्ये नागरी संहितेतलं, शिस्तीसाठी मुलांना शिक्षा करण्याचा हक्क पालकांना देणारं ८२२ वं कलमही रद्द झालं. बंदी मोडली म्हणून वेगळी शिक्षा नाही, आणि यावर टीकाही होते. मला मात्र शिक्षेविना बंदीची ही वाट योग्य वाटते. बालछळ कळवण्यासाठीचा १८९ हा मोफत फोन क्रमांक शेजाऱ्यांच्या तक्रारींपुरता नाही. रडणाऱ्या बाळापुढे हतबल झालेली आईही तिथे फोन करू शकते. तुरुंगाच्या भीतीने तिने तो फोन टाळला, तर नुकसान बाळाचंच होईल.