केव्हीएम स्विच, नेटवर्कवरील : ॲडमिन सेटिंग्ज

एकाच कीबोर्ड, मॉनिटर व माउसवरून अनेक संगणक चालविण्यासाठी केव्हीएम स्विच वापरतात. स्विच नेटवर्कवर असल्यास दूरच्या ब्राउझरमध्ये त्या संगणकांचे पडदे दिसतात आणि तेथूनच कळा दाबता येतात. या स्विचमध्ये कोणी शिरावे, कोणत्या पोर्टपर्यंत, म्हणजे कोणत्या संगणकाच्या जोडणीपर्यंत, पोचावे आणि त्याची नोंद कोठे राहावी, हे ॲडमिन सेटिंग्जमध्ये ठरते.

रिमोट डेस्कटॉपसारख्या, दूरून संगणक चालविणाऱ्या सॉफ्टवेअरला चालू स्थितीतील ऑपरेटिंग सिस्टिम लागते. केव्हीएम स्विच संगणकाच्या व्हिडिओ आणि यूएसबी पोर्टलाच जोडलेला असल्याने बायोसचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या प्राथमिक प्रणालीचा) पडदा आणि बूट मेनूही त्यातून हाताळता येतो. व्हर्च्युअल मीडियाची सोय असल्यास दूरवरची डिस्क-प्रतिमा संगणकाला यूएसबी ड्राइव्ह म्हणून दिसते व तिच्यावरून तो सुरू करता येतो. म्हणजे स्विचचा ॲडमिन हा जोडलेल्या प्रत्येक यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाइतका समर्थ असतो. सर्व्हरवरील पासवर्ड कितीही कडक ठेवले, तरी स्विच ढिला राहिला की त्यांचा उपयोग थोडाच.

या उपकरणाच्या वंशावळीविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ॲनालॉग केव्हीएम स्विच व लांब पल्ल्याचे एक्स्टेंडर यांना साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नेटवर्कची जोड मिळाली आणि त्यांतून तो घडला. दुसरे मत त्याला सर्व्हरच्या मदरबोर्डवरील व्यवस्थापन-नियंत्रकांच्या, म्हणजे १९९८ मधील आयपीएमआय या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या मानकाच्या परंपरेत बसविते. सेटिंग्जची रचना पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. मदरबोर्डवरील नियंत्रक एकाच यंत्रापुरता असतो, तर स्विचमध्ये अधिकार पोर्टनिहाय वाटले जातात : एखाद्याला तिसरा पोर्ट नुसता पाहता येतो, चौथ्यावर टंकता येते आणि पाचवा यादीत दिसतही नाही.

पहिल्या जोडणीच्या वेळी स्विच डीएचसीपी या नेटवर्क-पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून पत्ता घेतो किंवा कारखान्यात ठरविलेल्या पत्त्यावर उभा राहतो. पत्ता स्थिर करून उपकरण व्यवस्थापनाच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र आभासी भागात, ठेवावे. बाहेरून यायचे झाल्यास व्हीपीएनमधून, म्हणजे कूटबद्ध खाजगी जोडणीतून, यावे. कारखान्यातील पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, म्हणून तो जगजाहीर समजावा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू असलेला कायदा प्रत्येक नगाला निराळा पासवर्ड देणे किंवा पहिल्या वापराआधी नवा ठरवायला लावणे हे वाजवी सुरक्षेचे लक्षण मानतो. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची रीत अजून रूढ आहे. मात्र अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशा सक्तीविरुद्ध कौल दिला. लांब पासवर्ड ठेवून तो फुटल्याचा संशय येताच बदलणे अधिक ग्राह्य दिसते.

वापरकर्त्यांची ओळख पटविण्याचे काम स्विचमधील स्थानिक यादीवर ठेवता येते किंवा रेडियस (लॉगिन तपासणारी सेवा), एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती निर्देशिका) यांसारख्या बाहेरच्या सेवेकडे सोपविता येते. एलडॅपचा ३८९ हा पोर्ट (येथे पोर्ट म्हणजे नेटवर्क-सेवेचा क्रमांक) मुळात उघड्या संदेशांचा आहे. ६३६ वर टीएलएस या कूटलेखन-पद्धतीचे संरक्षण सुरुवातीपासून असते. रेडियस सहसा यूडीपी या संदेशवहन-पद्धतीच्या १८१२ पोर्टवर चालते, जुन्या उपकरणांत १६४५ वर. त्याच्या उत्तराची सत्यता एमडी५ या जुन्या, कमकुवत हॅश-पद्धतीवर बेतलेली असल्याने ते बनावट करता येते, हे २०२४ मध्ये ब्लास्टरेडियस या नावाने प्रसिद्ध झालेल्या हल्ल्याने दाखविले. पॅप आणि चॅप या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतींना हा धोका आहे, ईएपी या पद्धतीला नाही. म्हणून मेसेज-ऑथेंटिकेटर हा संदेशाची सत्यता पटविणारा घटक सक्तीचा करावा. जुन्या फर्मवेअरमध्ये (उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) तशी सोय नसल्यास रेडियसची वाहतूक टीएलएस किंवा आयपीसेक यांच्या कूटबद्ध मार्गातून न्यावी. बाहेरची सेवा बंद पडली तर स्विचमध्ये शिरता यावे यासाठी एक स्थानिक ॲडमिन खाते राखून ठेवतात. सेवा कोसळते तेव्हाच स्विचची खरी गरज लागते, त्यामुळे हे खाते काढून टाकणे योग्य नव्हे.

आयपी फिल्टर, म्हणजे ठरावीक नेटवर्क-पत्त्यांनाच प्रवेश देणारी गाळणी, लावताना क्रमाला महत्त्व असते. ‘फक्त यादीतील पत्ते’ हा पर्याय आधी सुरू केला आणि यादी रिकामी असली, तर सेव्ह करताच ॲडमिनचीही वाट बंद होते. आधी स्वतःचा पत्ता घालावा, दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन होत असल्याची खात्री करावी आणि मगच चालू सत्रातून बाहेर पडावे. वाट बंद झालीच, तर स्विचला थेट जोडलेला कीबोर्ड-मॉनिटर किंवा सिरियल पोर्ट कामी येतो.

जुने स्विच ब्राउझरमधील जावा प्लगइनवर अवलंबून होते. क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये असे प्लगइन बंद केले. पुढे प्लगइनशिवाय ब्राउझरमध्येच चालणारे एचटीएमएल५ चे दर्शक आले. टीएलएस १.० व १.१ मार्च २०२१ पासून अधिकृतपणे कालबाह्य ठरले असल्याने दोन्ही बंद ठेवावेत. उपकरणाने स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र बदलून संस्थेच्या प्रमाणन-यंत्रणेचे बसवावे, अन्यथा ब्राउझरचा इशारा डोळे झाकून ओलांडण्याची सवय सर्वांनाच लागते.

घड्याळ एनटीपी या वेळ पुरविणाऱ्या सेवेशी जुळविणे आणि नोंदी बाहेरच्या सिसलॉग (नोंदी साठविणाऱ्या) सर्व्हरकडे पाठविणे हेही ॲडमिनचेच काम. उपकरण मोडीत काढताना फॅक्टरी रीसेट करावे, कारण त्यात वापरकर्त्यांच्या यादीबरोबर एलडॅप खात्याचा पासवर्ड आणि रेडियसची सामाईक गुप्त कळ साठलेली असते. कॉन्फिगरेशनच्या बॅकअप फाइललाही तीच दक्षता लागू होते.