खडीला प्लास्टिकचा लेप

मुंबईत चार दिवस झड लागली की रस्त्याच्या कडेला सुटी खडी साचते. त्यातला एखादा तुकडा उचलून पाहा. काळ्या बेसॉल्टवर डांबर जवळपास उरलेलं नसतं. खड्ड्याची सुरुवात इथूनच होते. दगडाला डांबरापेक्षा पाणी जवळचं. भेगेतून पाणी आत झिरपतं, वरून बस गेली की दाबाने दगड आणि डांबर यांच्या मधे घुसतं आणि डांबर सुटतं.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन (पद्मश्री, 2018) यांनी नेमका याच जागी उपाय शोधला. डांबरात प्लास्टिक कालवलं तर साठवणीत ते वेगळं होऊन वर येतं. त्यांनी ते थेट खडीला लावलं! स्वच्छ, कोरड्या पिशव्यांचा बारीक चुरा हॉट मिक्स प्लांटमधल्या (जिथे खडी तापवून डांबरात मिसळतात) सुमारे 160 ते 170 अंश सेल्सिअस तापलेल्या खडीवर टाकायचा. काही क्षणांत तो वितळतो, दगडांवर तुकतुकीत लेप चढतो, छिद्रं बुजतात. मग डांबर ओतायचं. प्लास्टिक आणि डांबर दोन्ही पेट्रोलियमचीच लेकरं, त्यामुळे घट्ट धरतात आणि पाण्याला शिरकाव कठीण होतो. प्रमाण डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने 2013 मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळावं लागतं. पीव्हीसी, म्हणजे पाइपांसाठी वापरतात ते प्लास्टिक, चालत नाही. त्यात क्लोरीन असतं आणि तापवल्यावर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. म्हणजे रस्त्याचा दर्जा प्लांटच्या आधी कचरावेचकांच्या आणि धारावीतल्या वर्गीकरण करणाऱ्यांच्या हातात असतो. ओल्या कचऱ्यात बरबटलेली पिशवी या कामी येत नाही. या माणसांना कामाचा नीट मोबदला मिळणं हा मला या तंत्राचाच भाग वाटतो.

खालचा भराव कच्चा असेल किंवा पाण्याचा निचरा होत नसेल, तर लेपाचा उपयोग नाही. रस्ता झिजताना सूक्ष्म प्लास्टिक गटारांतून समुद्रात किती जातं, हेही सातत्याने मोजायला हवं. मुंबईत आता मोठ्या प्रमाणावर सिमेंट काँक्रीटचे रस्ते होत आहेत. तरी पाइप आणि केबलसाठी वारंवार खणाव्या लागणाऱ्या गल्ल्यांत डांबरच सोयीचं: खणायला सोपं, आणि चर बुजवून रोलर फिरवला की त्याच दिवशी वाहतूक सुरू करता येते.