संश्लेषित विषाणुसदृश कण

विषाणूएवढे व त्याच्यासारख्या मांडणीचे, पण जनुकद्रव्य नसलेले आणि केवळ रासायनिक संश्लेषणाने घडवलेले कण. नेहमीच्या विषाणुसदृश कणांची प्रथिने यीस्ट, कीटकपेशी यांसारख्या जिवंत पेशींत वाढवावी लागतात. यकृतशोथ-ब वरील लस आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस या त्याच जातीच्या होत. संश्लेषित कणांत मात्र पेप्टाइड (अमिनो अम्लांची छोटी साखळी) व मेद प्रयोगशाळेत जोडतात आणि पाण्यात त्यांचे कण आपोआप जुळतात.

या तंत्राचा आरंभ कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. फ्रँकल-कॉनरॅट व विल्यम्स यांनी १९५५ मध्ये तंबाखूवरील मोझेक विषाणू त्याच्या सुट्या घटकांतून परीक्षानळीत पुन्हा जुळवला. काहीजण मूळ तिथे शोधतात. जून अल्मेडा व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये इन्फ्लुएंझाची पृष्ठप्रथिने मेदपुटिकांवर बसवून ‘व्हायरोसोम’ तयार केले. दोन्हींतील प्रथिने विषाणूचीच होती. पीटर बुर्कहार्ड यांच्या गटाचे बहुफलकी कण (२००६) आराखड्याबरहुकूम घडवलेल्या पेप्टाइडांचे होते, पण त्यांत मेद नव्हता. त्यामुळे काटेकोर अर्थाने झुरिक विद्यापीठातील जॉन रॉबिन्सन यांच्या गटाने २००७ मध्ये मांडलेले लायपोपेप्टाइड (मेद जोडलेल्या पेप्टाइडांचे) कण हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या कणांचा गाभा म्हणजे एकमेकींत गुंफलेली पेप्टाइडांची मळसूत्रे. त्यांत सात अमिनो अम्लांचे आवर्तन असते. पहिली व चौथी जागा जलविरोधी अम्लांची. पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या या बाजू आत वळतात व मळसूत्रे एकमेकींना बिलगतात. किती मळसूत्रे एकत्र येतील, हेही याच जागांवर ठरते. यीस्टमधील जीसीएन४ प्रथिनावरील १९९३ च्या प्रयोगांत दोन्ही जागी आयसोल्युसीन हे अमिनो अम्ल ठेवल्यास तिपेडी रचना झाली. चौथ्या जागी ल्युसीन हे त्याचेच भावंड येताच ती दुपेडी, तर पहिल्या जागी ल्युसीन व चौथ्या जागी आयसोल्युसीन असताना चौपेडी झाली. या दोन अम्लांत वेगळी असते ती केवळ एका मिथिल गटाची जागा; ती बदलल्याने एवढा फरक पडावा, ही या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. झुरिकच्या रचनेत तिपेडी गुंफण असून प्रत्येक साखळीच्या टोकाला मेद जोडलेला असतो. मेदाची शेपटे मध्याकडे, पेप्टाइडे बाहेर, असा सुमारे २० ते ३० नॅनोमीटर व्यासाचा कण बनतो.

साखळीच्या बाहेरच्या टोकावर प्रतिजनाचा (प्रतिकारसंस्था ओळखते त्या रेणूचा) तुकडा बसवतात. तो कणभर ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येत असल्याने प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचे अनेक ग्राही एकाच वेळी बांधले जातात. मेद डायपाल्मिटॉइल-सिस्टीन प्रकारचा असल्यास टोल-सदृश ग्राही-२ हा प्रतिकारपेशींवरील ग्राही उद्दीपित होतो, म्हणून लसीचा परिणाम वाढवणारे वेगळे सहौषध सहसा लागत नाही. मोठी, घडीदार प्रथिने मात्र या पद्धतीने बसवणे कठीण असते.

मलेरिया व एचआयव्ही यांच्या प्रतिजनांवर प्राण्यांत प्रयोग झाले आहेत. श्वसनमार्गाच्या आरएसव्ही विषाणूवरील एक लस मानवी चाचणीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत गेली.