नैराश्य आणि आत्महत्या (खानदेश)

नैराश्य : मन, झोप, भूक, विचार आणि हालचाल या सगळ्यांना एकदम ग्रासणारा आजार. उदासपणा किंवा कशातच गोडी न उरणे, यांपैकी एक लक्षण असावेच लागते. त्याला झोपेचा बिघाड, भूक-वजनातला बदल, थकवा, मंदपणा वा तगमग, लक्ष न लागणे, अपराधीपणा, मरणाचे विचार यांची जोड मिळून नऊपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे, दिवसातला बहुतेक वेळ राहिली आणि रोजचे काम अडले, तर डॉक्टर हे निदान करतात. केळीची बाग वादळात आडवी झाल्यावर होणारे दुःख वेगळे. ते लाटांनी येते, मधेच नातवाला पाहून हसूही येते. नैराश्यात ते हसू येत नाही, आणि पीक चांगले आले तरी येत नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत ‘डिप्रेशन’ हा शब्द कॉलेजात आणि क्लासमध्ये रुळला आहे, शिवारात नाही. अहिराणीत तक्रार येते ती ‘मना जीव लागत नही’, ‘डोकं दुखस’, ‘झोप येत नही’ अशी. त्यामुळे रुग्ण आधी अंगदुखीच्या गोळ्या, सलाईन आणि मग भगत वा बडवा (मंत्र-उतारा करणारे) असा फिरतो. घरच्यांना ‘बाहेरचं’ वाटते. काही खुणा मात्र इथल्या जगण्यातच दिसतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक झोक्याकडे फिरकत नाही, सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी) नव्या सालाचा व्यवहारच ठरवत नाही, पहाटे तीनला उठून माणूस ओट्यावर नुसता बसून राहतो. ठरलेल्या वेळेच्या दोन-तीन तास आधी जाग येणे हे तीव्र नैराश्याचे जुने, भरवशाचे लक्षण आहे. दुसरीकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि रक्तक्षय बरेच आढळतात. थकवा त्यांचाही असतो. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि जीवनसत्त्व ब-12 तपासल्याशिवाय निदानावर शिक्का मारू नये.

आत्महत्येशी नाते सरळ रेषेचे नाही. नैराश्य असलेले बहुतेक लोक आत्महत्येने मरत नाहीत, आणि आत्महत्येने मरणाऱ्या प्रत्येकाला नैराश्य असतेच असे नाही. आजार धोका अनेक पटींनी वाढवतो तो तीन वाटांनी : पुढे काहीच नाही ही खात्री, आपण घरावर ओझे आहोत ही समजूत, आणि दुसरा मार्ग सुचण्याची ताकदच आटणे. त्यावर दारू, भाऊबंदकीचा तंटा, सावकाराचा तगादा, दुर्धर दुखणे यांतले काही येऊन पडते. आधी प्रयत्न झालेला असणे ही सर्वांत मोठी धोक्याची खूण. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जपावे लागतात. नातेवाईक नेमके तेव्हाच ‘आता बरा झाला’ म्हणून पांगतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. कारणांत सर्वांत वर ‘कौटुंबिक समस्या’ होत्या. अशा नोंदीत एकच कारण लिहिले जाते. शेतकऱ्याच्या घरी तर सरकारी मदतीचे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे कर्जाच्या कागदांवर ठरते, त्यामुळे घरचेही कर्जच सांगतात. कर्ज खोटे नसते, पण सहा महिने झोप नव्हती ही गोष्ट कागदावर कुठेच येत नाही.

उपचार साधे आहेत. फ्लुओक्सेटिन 20, एस्सिटॅलोप्राम 10 किंवा सर्ट्रालिन 50 मिलिग्रॅम हे नेहमीचे डोस. बहुधा निम्म्या डोसाने सुरुवात होते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण उतार पडायला सहा-आठ. बरे वाटल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची. बिघडते ते इथेच. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, गुण दिसत नाही, ‘गोळी गरम पडते, सवय लागते’ असे कोणी सांगतो आणि गोळी सुटते. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड होते. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांत, अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी तपासणी हवी. पूर्वी कधी झोपेविना उत्साह, उधळपट्टी, वारेमाप बडबड असा काळ गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. तो द्विध्रुवी आजार असू शकतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने उलटतो. सौम्य आजारात समुपदेशन आणि दिवसाची कामे पुन्हा ठरावीक वेळी लावून देणे पुरते.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला; खानदेशात एकही नाही. त्याने फारसे अडत नाही, कारण बहुतेक रुग्णांवर बाह्यरुग्ण विभागातच उपचार होतात, आणि ते काम जिल्ह्याचे शासकीय रुग्णालय करते.

संशय आला तर थेट विचारावे : ‘तुना मनमा मरानं येस का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, ‘पोराबाळांकडे पाहा’ म्हणू नये. ओझे होण्याची भावना त्याने वाढते. एकटे सोडू नये. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. जीवाला लगेच धोका असेल तर 108 ला फोन करून सरळ रुग्णालय गाठावे. अचानक शांत होणे, उधारी मिटवणे, आवडती वस्तू किंवा जनावर देऊन टाकणे या खुणा सुधारणेच्या समजू नयेत.

तीव्र ऊर्मी अनेकदा काही मिनिटांत, तासांत ओसरते. म्हणून फवारणीची औषधे घरात किंवा खळ्यावर मोकळी न ठेवता कुलपाच्या पेटीत, किल्ली दुसऱ्याकडे, आणि लागेल तेवढीच खरेदी. श्रीलंकेने अतिधोकादायक कीटकनाशकांवर बंदी घातल्यानंतर तिथले आत्महत्यांचे एकूण प्रमाण निम्म्याहून खाली आले; लोकांनी सरसकट दुसरा मार्ग धरला नाही.

प्रयत्न झाला असेल तर घरचे केसच्या भीतीने ‘चुकून झालं’ सांगतात, आणि मनोविकारतज्ज्ञाला बोलावलेच जात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 115 नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही, आणि उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेतले जुने कलम 309 हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही.